पंडिता रमाबाई व अनाथांचा संसार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



या सभेंत एखाद्या समाजसेविकेच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या धर्मग्रामांतील मातांनीं सूचना केली, तेव्हां आम्हांस प्रथम संतमालिकेंतील नांवें आठवलीं. हंगेरीची एलिझाबेथ, कलकत्त्याची मदर तेरेसा, हीं नांवें थोरच. परंतु सूचना घेऊन आलेल्या भगिनींनीं जातां जातां एक प्रश्न केला. समाजसेवा करावयाची तर घर कोणीं सांभाळावयाचें? प्रश्न थट्टेचा नव्हता. सकाळीं बांधींत रोवणी, दुपारीं विड्यांचें सूप मांडीवर, सायंकाळीं चूल, आणि रात्रीं जपमाळ म्हणतां म्हणतां डोळा लागतो, अशी ज्यांची दिनचर्या, त्यांनीं तो विचारला होता. त्या प्रश्नास उत्तर ज्या चरित्रांत सांपडेल असें आम्हांस वाटलें, तें चरित्र पंडिता रमाबाईंचें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतों. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पंथांत, आणि पुढें त्या कोणत्याच पंथाच्या चौकटींत फारशा बसल्या नाहींत. एके काळीं कॅथलिक धर्मग्रामाच्या सभेंत असें नांव घेतांना वक्ता चांचरला असता. परंतु द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती ऐक्याविषयीं जो आदेश काढला, त्यांत आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंच्या जीवनांत ख्रिस्ताचें जें धन दिसेल तें आनंदानें ओळखावें, असें आपणां सर्वांस शिकविलें आहे. तेव्हां आम्ही आज आज्ञेबाहेर कांहीं करीत नाहीं.

दुसरें असें कीं, या बाईंचें जें सर्वांत मोठें कार्य, त्याचा आपल्या प्रांताशीं निकट संबंध आहे. भंडारा जिल्हा त्या काळीं मध्य प्रांतांत होता. आजचा गोंदिया जिल्हाहि त्यांतच होता, तो १९९९ सालीं वेगळा झाला. १८९६ सालीं पाऊस अवेळीं थांबला, धान वाळलें, आणि प्रांतभर दुष्काळ पडला. त्यांतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ आला. १८९१ च्या खानेसुमारींत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लाख ४३ हजार होती. १९०१ सालीं ती ६ लाख ६३ हजारांवर आली. ज्यास आपण तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून अभिमानानें मिरवितों, त्याची ही दहा वर्षांची वजाबाकी आहे. त्या दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलींना शोधीत जी स्त्री मध्य प्रांतांत आली, ती कोण होती आणि तिच्यावर काय गुदरलें होतें, हें आपण पाहूं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान ब्राह्मण. त्यांचा लोकांच्या दृष्टीनें अपराध एकच होता. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईस, संस्कृत शिकविलें. त्यावरून वाद झाले, आणि शास्त्रीबुवांनीं रानांत आश्रम बांधून तेथेंच संसार थाटला. पुढें कर्ज झालें, आश्रम सुटला. मुलगी सहा महिन्यांची असतांना तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून माणसाच्या डोक्यावरून डोंगराखालीं नेलें, आणि तेव्हांपासून या कुटुंबास घर असें राहिलेंच नाहीं. तीर्थोतीर्थीं जावें, देवळांत पुराण सांगावें, मिळेल त्यावर राहावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

या भटक्या संसारांत मुलीस शिकविलें तें आईनें. दिवसभर स्वयंपाकपाणी, येणाऱ्याजाणाऱ्यांचें आतिथ्य, म्हणून लक्ष्मीबाई पहांटे मुलीस उठवून मांडीशीं घेत आणि श्लोक म्हणवून घेत. ज्या बाईचें नांव पुढें तीन खंडांत गाजलें तिची पाठशाळा ती हीच. घर आणि ज्ञान, घर आणि देवभक्ति हीं त्या माउलीनें वेगळीं केलींच नव्हतीं. वेळ तेवढा तिनें झोपेंतून काढला, दुसरा कोठून काढणार?

मग दक्षिणेंतील दुष्काळ आला. घरांत होतें नव्हतें तें विकून झालें. दागिने गेले, भांडीं गेलीं. मोलमजुरी करावी तर शास्त्र्याच्या घरांतील माणसांस ती ठाऊक नाहीं, आणि कुळाचा अभिमान आड येई. आपण भुकेनें मरत होतों तरी हातानें काम करण्याची लाज वाटे, हें रमाबाईंनींच पुढें लिहून ठेविलें आहे. रानांत पाला खाऊन दिवस काढले. १८७४ सालीं अंध झालेल्या वडिलांनीं प्राण सोडला. थोड्याच दिवसांनीं आई गेली. मरणापूर्वीं तिनें भाकरीचा तुकडा मागितला, मुलगी शेजारच्या घरीं मागावयास गेली, एका बाईनें दया करून तो दिलाहि. पण तुकडा आईच्या तोंडापर्यंत पोंचला तेव्हां तो गिळण्याची शक्ति तिच्यांत उरली नव्हती.

बंधुभगिनींनो, येथें आम्ही थोडें थांबणार आहों. स्मशान तीन मैलांवर होतें, आणि तिरडी उचलण्यास कोणी येईना. शेवटीं दोन ब्राह्मण तयार झाले. थोरला भाऊ श्रीनिवास हा तिसरा. चौथी रमा. मुलगी ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्यास पुरेना. तेव्हां आपल्या बाजूची तिरडी तिनें डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालली. ज्या समाजांत मुलीनें प्रेतास खांदा देणें निषिद्ध, त्या समाजांत सोळा वर्षांच्या पोरीवर ही वेळ आली, कारण माणसें आलीं नाहींत. आपल्या बायबलांतील तोबिताची कथा आठवा. परमुलखांत, राजाचा रोष पत्करून, जेवतें ताट बाजूस सारून तो बेवारस प्रेतें पुरीत असे. (प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलांत हा ग्रंथ नसतो. बाईंनीं तो वाचला असता तर त्यांस आपलाच वाटला असता, अशी एक कल्पना आमच्या मनांत येऊन जाते.) बाईंचें पुढील सारें आयुष्य आम्हांस या तिरडीखालून निघालेलें दिसतें.

थोरली बहीण पटकीनें गेली. भाऊबहीण पायीं फिरत फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या तरुणीस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊहि गेला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. जातीबाहेरचा विवाह म्हणून पुष्कळ टीका झाली. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांचें मूल, माहेर नाहीं, सासर नाहीं.

त्याच सालीं बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षक हवेत असें निर्भयपणें सांगितलें. मग १८८३ सालीं मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या आणि वाँटेजच्या धर्मभगिनींच्या मठांत राहिल्या. त्यांची श्रद्धा कशी होती याविषयीं एकच गोष्ट सांगतों. त्यांस गळ्यांत घालावयास क्रूस दिला, त्यावरील अक्षरें लॅटिन होतीं. बाईंनीं विचारलें, हीं अक्षरें संस्कृतांत कां नसावींत? लॅटिनमध्यें असें काय आहे जें आमच्या जुन्या भाषेंत नाहीं? सेमिनरींत आम्ही लॅटिन घोकलें आहे आणि त्या भाषेवर आमचें अजून प्रेम आहे, तरी कबूल करतों, प्रश्न रास्त होता. आज आपण मिस्सा मराठींत करतों, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्तसभेनेंच दिलें आहे.

आतां त्या चरित्रांतील एका नाजूक जागीं येतों. १८८६ सालीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानसमारंभासाठीं. हिंदुस्थानांतील विधवांसाठीं शाळा काढावयाची तर पैसा हवा, आणि त्यासाठीं गांवोगांव व्याख्यानें देणें आलें. मनोरमा पांच वर्षांची होती. तिला त्यांनीं परत वाँटेजच्या भगिनींकडे धाडलें आणि आपण दोन वर्षांवर अमेरिकेंत फिरल्या. हें योग्य झालें काय? मातांनो, ज्या मुलीस आईखेरीज जगांत कोणी नाहीं तिला समुद्रापार ठेवून आई परक्या विधवांसाठीं व्याख्यानें देते, हें ऐकून आपल्या पोटांत कालवतें. आमच्याहि कालवतें. बाईंच्या चरित्रकारांपैकीं कांहीं या गोष्टीवरून घाईनें पुढें जातात. तें आम्हांस पटत नाहीं. मुलीनें त्याची किंमत दिलीच असली पाहिजे. पण उलट बाजूहि पाहावी. स्वतःच्या लेकराजवळ बसून राहावें तर हजारों लेकरें कोणाचींच नाहींत, हें जिनें तिरडीखालीं अनुभविलें तिला निवड सोपी नव्हती. आणि या निवडीविषयीं खरा निकाल देण्याचा अधिकार ज्या एका व्यक्तीस होता तिनें, म्हणजे मनोरमेनें, तो कसा दिला, तें पुढें येईल.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या सालीं तें पुण्यास नेलें. पहिल्या विद्यार्थिनींतील बालविधवा गोदूबाई, त्याच पुढें महर्षि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनांत मुलींस आपापला धर्म आणि जातीचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. परंतु बाई स्वतः दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, आणि कांहीं मुली आपणहून येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं त्यावरून मोठें वादळ उठलें. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. या प्रकरणीं आमच्या लोकांत बाईंची बाजू घेऊन दुसऱ्या बाजूस नांवें ठेवण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. आपल्या मुलीचें मन कोठें वळतें याची काळजी बापास वाटणें स्वाभाविक आहे. आपण कॅथलिक आईबाप ती कमी करतों काय? मात्र बाईंनीं कोणावर बळजबरी केली नाहीं, आणि मुली गेल्या म्हणून दार लावूनहि घेतलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

अमेरिकेंतील मंडळीनें मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांपुरती. पुढची सोय म्हणून बाईंनीं दौंडजवळ केडगांव येथें माळरान विकत घेतलें, विहिरी खणल्या, संत्र्यालिंबांचीं झाडें लावलीं. पिकून उत्पन्न येईल तेव्हां येईल, असा हिशेब होता. इतक्यांत मध्य प्रांतांतील दुष्काळाच्या वार्ता येऊं लागल्या. बाईंस आपले आईबाप आठवले, आणि त्या निघाल्या.

सरकारी अन्नछत्रें आणि अनाथगृहें त्यांनीं स्वतः पाहिलीं. भुकेनें माणसें मरत होतीं हें सर्वांसच दिसत होतें. बाईंच्या डोळ्यांस आणखी एक गोष्ट दिसली. आईबाप मेलेल्या तरुण पोरींवर वाईट चालीचे स्त्री-पुरुष टपून होते, आणि घांसभर अन्नासाठीं पोरी त्यांच्यामागून जात होत्या. बाईंनीं अहवाल लिहिला, वर्तमानपत्रांतून आवाज उठविला. पण तेवढ्यावर त्या परतल्या नाहींत. मुली गोळा करून त्यांनीं आगगाडीनें पुण्याकडे आणल्या. एकेक तुकडी येत गेली, आणि मध्य प्रांतांतून आणलेल्या मुलींची संख्या सुमारें ३०० झाली. त्यावेळीं पुण्यांत प्लेग. शहरांत इतक्या आजारी मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. तेव्हां केडगांवच्या माळावर तंबू आणि गवती झोंपड्या उभारल्या. १८९८ सालीं तेथें मुक्तिसदन रीतसर उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजरात-राजपुतान्याकडून आणखी मुली आल्या, आणि माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार तोंडें! आपल्या धर्मग्रामाच्या वार्षिक भोजनास तीन-चारशें पानें मांडतांना आपली कशी धांदल उडते, तें आठवावें. तेथें हें रोजचें. शेती, दूधदुभतें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, रुग्णसेवा. ज्या मुलीस जें झेपेल तें काम, आणि प्रत्येकीस अक्षरओळख. कामावर बाईंचा इतका कटाक्ष कां होता, याचें कारण आम्हांस त्यांच्या बालपणांत सांपडतें. हातास काम ठाऊक नव्हतें म्हणून ज्यांचें अख्खें कुटुंब उपाशी मेलें, त्या बाई आपल्या मुलींस नुसते श्लोक शिकवून कशा सोडतील? आणखी एक रीत अशी कीं, मोठ्या मुलींकडे लहान मुली सोंपविल्या जात; न्हाऊमाखूं घालणें, जेवूं घालणें, आजारांत उशाशीं बसणें त्यांच्याकडे. काल जी स्वतः अनाथ म्हणून आली तिच्या मांडीवर आज दुसरें पोर दिलें जाई. अनाथालय आणि घर यांतला भेद नेमका हाच आहे, असें आम्हांस वाटतें. अनाथालयांत मुलास अन्न मिळतें. घरांत त्याच्यावर कोणाचा तरी भार असतो.

मनोरमा या घरांतच कर्तीसवरती झाली. इंग्लंड-अमेरिकेंत शिकून ती परत आली. अंधांसाठीं असलेली ब्रेल लिपि ती शिकून आली होती. तिच्यामुळें केडगांवीं आंधळ्या मुलींस वाचतां येऊं लागलें. मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. पदवी तिनें मिळविली, शारदा सदनाचें काम अंगावर घेतलें, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढण्यांत पुढाकार घेतला. लहानपणीं आईनें दूर ठेवलेली मुलगी मोठेपणीं आईपासून दूर गेली नाहीं. आईच्या त्या दोन हजार लेकींची ती थोरली बहीण झाली. आम्हीं मघां ज्या निकालाविषयीं बोललों तो हाच.

मातांनो, आपल्या प्रश्नास या चरित्रांतून मिळणारें उत्तर असें. बाईंनीं समाजसेवेसाठीं घर सोडलें नाहीं; घराची भिंत सरकविली. हें करण्यास दोन हजार माणसें लागत नाहींत. आपल्याकडे पुरुष गेला म्हणजे नऊ दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें, जपमाळ होते, चहा फिरतो. महिन्याची मिस्सा होईपर्यंत येणेंजाणें राहतें. मग त्या बाईच्या दारावरून आपण सायकल न थांबवितां जातों. तिच्या मुलीची शाळा सुटते, ती विड्या वळूं लागते, आणि आपल्याला तें वर्षभरानें कळतें. महोत्सवाच्या निधींतून घंटाघराची रंगरंगोटी होणार आहे. ती व्हावीच, घंटा आपणां सर्वांची आहे. परंतु त्याच निधींतून धर्मग्रामांतील विधवांच्या मुलींच्या शिक्षणासाठीं कायमचा भाग काढून ठेवावा, आणि प्रत्येक विधवेचें घर शेजारच्या एका घराकडे नांवानिशीं सोंपवावें, अशी आमची सूचना आहे. समितीपुढें ती आम्ही लेखी ठेविली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर त्यावर विचार होईल. पुरुष मंडळींनींहि थांबावें; हा विषय केवळ बायकांचा नाहीं.

शेवटच्या काळाविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. १९१९ सालीं सरकारनें बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें, पण त्यांचें चित्त दुसरीकडे होतें. खेड्यांतील साध्या बाईस समजेल अशा मराठींत बायबल उतरवावें म्हणून त्या उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि वर्षानुवर्षें त्या कामांत गढल्या होत्या. कानांस ऐकूं येईनासें झालें होतें. सारी भिस्त मनोरमेवर होती. २४ जुलै १९२१ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमा वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पति यांच्यामागें आतां एकुलती एक मुलगी. बाईंनीं भाषांतराचें काम थांबविलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या देवाघरीं गेल्या. १९२४ सालीं तें मराठी बायबल केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्या छापखान्यांत खिळे जुळविणारे हात मुक्तिसदनांतील मुलींचे होते.